डॅम-२: चिलटांची ये-जा मोजणारी काळी पेटी

पिकलेल्या केळ्यांवर घोंगावणारं चिलट, म्हणजे ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर, दिवा लागायच्या थोडं आधीच हालचाल सुरू करतं, दुपारी चक्क वामकुक्षी घेतं आणि दिवा मालवण्याच्या सुमारास पुन्हा धावपळ करतं. घड्याळाकडे न बघता पाळलेलं हे वेळापत्रक कागदावर उतरवायला जगभरच्या प्रयोगशाळा गेली कित्येक वर्षं मुख्यतः एकच यंत्र वापरत आल्या आहेत. ते म्हणजे ट्रायकायनेटिक्स कंपनीचा ड्रॉसोफिला ॲक्टिव्हिटी मॉनिटर. बोलताना सगळे नुसतं ‘डॅम’ म्हणतात. कंपनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वॉल्थमची. चिलटांच्या जैविक घड्याळावरच्या कामासाठी २०१७ चं नोबेल वाटून घेणारे हॉल आणि रॉसबॅश ज्या ब्रँडाइस विद्यापीठात काम करत होते, तेही त्याच गावात. हे परीक्षण डॅम-२ या ३२ नळ्यांच्या मॉडेलचं आहे.

आधी हे कुणी घ्यावं ते सांगतो. दैनिक लयीचे प्रयोग उंदरांवर, फिरत्या चाकाच्या पिंजऱ्यातही होतात. पण आपल्याकडे पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांवर काही करायचं म्हटलं की प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी समितीची, सीसीएसईएची (पूर्वीची सीपीसीएसईए), नोंदणी, नैतिक समिती, प्राणिगृह हे सगळं मागे लागतं. चिलटांना त्यातलं काही लागत नाही. एक इन्क्युबेटर (तापमान ठरावीक ठेवणारं कपाट), एक संगणक आणि या माश्या वाढवायची सवय असली की झालं. म्हणून प्राणिशास्त्राच्या लहानशा पदव्युत्तर विभागालाही हे यंत्र परवडतं, निदान जागेच्या आणि परवानग्यांच्या हिशेबात.

यंत्राची कल्पना अगदी साधी आहे. ५ मिलीमीटर बाहेरचा व्यास आणि ६५ मिलीमीटर लांबी असलेल्या काचेच्या नळीत एकच माशी. नळीच्या एका टोकाला खाणं, दुसऱ्या टोकाला कापूस. नळीच्या मधोमध आडवा जाणारा अवरक्त किरण, जो माशीला दिसत नाही. माशीने तो ओलांडला की एक मोजणी. अशा ३२ नळ्या एका काळ्या पेटीत चार ओळींत बसतात. पेटीतून टेलिफोनच्या तारेसारखी चार तारांची केबल निघते, ती वीज आणि माहिती दोन्ही वाहते आणि एका जोडपेटीमार्गे संगणकाच्या यूएसबीला लागते. पेटीत हलणारा एकही भाग नाही. त्यामुळे झिजण्यासारखं काही नाही, आणि नीट वापरलेली पेटी वर्षानुवर्षं चालते.

थोडक्यात, हे यंत्र एकच गोष्ट मोजतं: रेघ ओलांडली की नाही. ती ते चोख मोजतं. बाकी जे जे बिघडतं ते बहुतेक वेळा नळीत, खाण्यात, इन्क्युबेटरमध्ये किंवा संगणकात बिघडतं, आणि बोल लागतो मॉनिटरला.

नळ्यांपासून सुरुवात करू, कारण आठवडाभराचा प्रयोग तिथेच ठरतो. खाणं म्हणजे पाण्यात ५ टक्के साखर आणि २ टक्के अगर (पाणी जेलीसारखं गोठवणारी भुकटी). १०० मिलीलिटरला ५ ग्रॅम सुक्रोज, २ ग्रॅम अगर. अगर पूर्ण विरघळून द्रावण काचेसारखं स्वच्छ दिसेपर्यंत उकळायचं. गुठळी राहिली तर ती नेमकी एखाद्या नळीत जाऊन बसते. नळ्या रबर बँडने जुडी बांधून बीकरमध्ये उभ्या ठेवायच्या आणि द्रावण साधारण ६० अंशांवर आलं की बाजूने ओतायचं, म्हणजे सगळ्या नळ्यांत एकाच उंचीपर्यंत, सुमारे १५ मिलीमीटर, चढतं. प्रत्येक नळीत जेमतेम ०.२ मिलीलिटर जातं. बाकीचं नळ्यांच्या भोवती वाया जातं, त्याला इलाज नाही. पिपेटने एकेक नळी भरणारे लोक आहेत. ३२ नळ्यांना ते चालतं, तीनशे नळ्यांना नाही.

अगर गोठल्यावर जुडी बाहेर काढून प्रत्येक नळी बाहेरून ओल्या कागदाने पुसायची. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून टाळलं जातं, आणि मग काचेवर सुकलेला साखरेचा पापुद्रा किरणाच्या वाटेत येतो. पुसून झाल्यावर खाण्याचं टोक वितळलेल्या पॅराफिन मेणात बुडवून बंद करायचं. मेण फार तापलेलं असेल तर टोकाजवळचं अगर वितळतं, आत हवेचा फुगा धरतो आणि दोन दिवसांत तिथून खाणं सुकायला लागतं. मेण नुकतं वितळलेलं असावं. एकदा बुडवून, थंड करून, पुन्हा एकदा बुडवलं की टोक पक्कं बसतं.

अगरचं प्रमाण २ टक्क्यांच्या खाली नेऊ नका. पातळ अगरला पाणी सुटतं आणि माशीचे पंख काचेला चिकटतात. उलट इन्क्युबेटर कोरडा असेल तर अगर आक्रसतं, काच सोडतं, आणि माशी त्या फटीत शिरून अडकून मरते. दोन्ही अपघात आलेखात सारखेच दिसतात: चौथ्या-पाचव्या दिवसापासून सलग शून्य. म्हणून प्रयोग संपल्यावर नळ्या फेकण्याआधी एकेक डोळ्यांनी बघून कोण जिवंत, कोण मेलं, कोण चिकटलं हे लिहून घ्यायचं. सॉफ्टवेअरला मेलेली माशी आणि गाढ झोपलेली माशी यांतला फरक कळत नाही. पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, उलटाच त्रास. नळीत बाष्प धरतं, थेंब किरणाच्या वाटेत येतो, आणि खाण्यावर बुरशी येते. बुरशीसाठी अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं थोडं मिथाइल पॅराबेन चालतं. बाष्पासाठी नळ्या भरल्यावर लगेच कापूस न लावता रात्रभर झाकून ठेवून बाहेरच कोरड्या होऊ द्याव्यात, आणि कापसाचा बोळा सैल असावा. ठासून भरलेल्या बोळ्यामागे ओल कोंडते.

माश्या भरताना कार्बन डायऑक्साइडवर बेशुद्ध करून ब्रशने एकेक आत सोडायची. माशी शुद्धीवर येईपर्यंत नळी आडवीच ठेवायची, उभी केली की ती थेट खाण्यावर पडून चिकटते. नर घ्या, शक्यतो एक ते पाच दिवसांचे. गर्भार मादी नळीत अंडी घालते, चार-पाच दिवसांत अळ्या खाणं उपसायला लागतात, आणि मग किरण माशी ओलांडते आहे की अळी, हे कुणालाच सांगता येत नाही. मादीच हवी असेल तर कुमारी मादी वेगळ्या काढण्याला पर्याय नाही. साखर-अगरवर नर दहा-बारा दिवस सहज तगतात, आणि लयीच्या प्रयोगाला तेवढे पुरतात.

नळी पेटीत सरकवताना एक बारीक गोष्ट हमखास चुकते. किरण पेटीच्या मध्यावर असतो, पण नळीचा मध्य आणि माशीच्या मोकळ्या जागेचा मध्य एक नसतो. ६५ पैकी १५ मिलीमीटर खाणं, १० मिलीमीटर कापूस, म्हणजे उरले ४० मिलीमीटर. किरण त्या ४० च्या मधोमध यायला हवा. त्यासाठी इथल्या मापांत नळी दोन-अडीच मिलीमीटर सरकवावी लागते, आणि सगळ्या नळ्यांना एकाच दिशेने सारखीच सरकवावी लागते. किरण खाण्याच्या जवळ आला तर खाण्यावर येरझाऱ्या घालणाऱ्या माशीची मोजणी फुगते, लांब गेला तर तीच माशी आळशी दिसते. शेवटी पेटीच्या दोन्ही बाजूंनी रबर बँड लावायचे. नाहीतर पेटी उचलताना नळ्या सरकतात आणि सगळी मेहनत वाया जाते.

नवी पेटी आली की, किंवा जुनी बरेच दिवस पडून राहिली असेल तर, माश्या घालण्याआधी तपासणी करा. वाचनाचं अंतर अगदी कमी ठेवून प्रत्येक नळीच्या भोकातून रिकाम्या नळीत पेनाची जुनी कांडी दहा वेळा आत-बाहेर करायची आणि पडद्यावर त्या त्या वाहिनीत मोजणी वाढते का ते बघायचं. ३२ वाहिन्यांना दहा मिनिटं लागतात. एखादी मुकी निघाली तर आधी भोकातली धूळ मऊ ब्रशने झाडा. तरीही मुकी राहिली तर त्या जागेवर चिकटपट्टी लावा आणि ३१ नळ्यांवर काम चालवा. आणि एकाच प्रकारच्या माश्या एकाच ओळीत भरू नका. जंगली (मूळ वाणाच्या) आणि उत्परिवर्तित (जनुकात बदल झालेल्या) माश्या ओळींत आलटून-पालटून बसवल्या की पेटीच्या जागेमुळे पडणारा फरक दोन्हींवर सारखा वाटला जातो.

इन्क्युबेटर हा या प्रयोगातला खरा खलनायक. नेहमीची पद्धत अशी: २५ अंशांवर, १२ तास उजेड आणि १२ तास अंधार, असे तीन दिवस माशीचं घड्याळ लावून घ्यायचं, मग दिवा कायमचा बंद करून पूर्ण अंधारात निदान सात दिवस. पहिल्या दिवसाची नोंद धरायची नाही, कारण बेशुद्धी आणि हाताळणीचा परिणाम त्यात असतो. आता पूर्ण अंधार म्हणजे काय? इन्क्युबेटरच्या दारावरचे तापमानाचे हिरवे-लाल आकडे, दाराच्या रबराची फट, आत ठेवलेल्या एखाद्या उपकरणाचा निळा ठिपका, हे सगळं माशीला दिसतं. तिच्या घड्याळपेशींत क्रिप्टोक्रोम नावाचं निळ्या उजेडाला अतिशय हळवं प्रथिन आहे. आकड्यांवर काळी चिकटपट्टी, दारावर काळं कापड, आणि आत डोकावायचंच असेल तर मंद लाल दिवा, तोही अगदी थोडा वेळ.

तापमान त्याहून चोरटं. दिवा लागला की आतलं तापमान वाढतं, मालवला की उतरतं. दोन-तीन अंशांचं रोजचं चढउतार माशीचं घड्याळ लावायला पुरेसं असतं. म्हणजे अंधारात लय टिकली असं वाटतं आणि प्रत्यक्षात खोलीचा एसी दिवसा बंद, रात्री चालू होत असतो. कंपनीचाच वेगळा पर्यावरण मॉनिटर मिळतो, उजेड, तापमान आणि आर्द्रता एकाच फाइल-पद्धतीत नोंदवणारा. पैसे वाचवायचे असतील तर एक पेटी कमी घ्या, पण हा घ्या.

याहून पक्की परीक्षा हवी असेल तर ती माशीकडूनच करून घेता येते. १९७१ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत कोनोप्का आणि बेन्झर यांनी पीरियड जनुकाची तीन उत्परिवर्तनं वर्णन केली: एकात दिवस १९ तासांचा, एकात २८ तासांचा, आणि तिसऱ्यात लयच नाही. हे तिन्ही वाण आजही माश्यांच्या साठा-केंद्रांतून मिळतात. प्रत्येक नव्या मांडणीत चार-सहा नळ्या त्या लयहीन वाणाच्या ठेवा. पूर्ण अंधारात त्यांनी सुंदर २४ तासांची लय दाखवली तर आनंदून जाऊ नका. तुमच्या इन्क्युबेटरमध्ये कुठून तरी उजेड, उष्णता किंवा हादरा रोज ठरल्या वेळी येतो आहे. त्याचा शोध लागेपर्यंत बाकीच्या नळ्यांची माहिती जपून वापरा.

सॉफ्टवेअर दिसायला जुनाट आहे, पण मोफत आहे आणि कामाचं आहे. दर मिनिटाला प्रत्येक पेटीसाठी एक ओळ लिहिली जाते, साध्या मजकुराच्या फाइलमध्ये. ओळीत ४२ स्तंभ, वर शीर्षक नाही. पहिला अनुक्रमांक, दुसरा तारीख, तिसरा वेळ. चौथा स्तंभ सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित: तिथे १ असेल तर नोंद ग्राह्य, ५१ असेल तर पेटीकडून काही आलंच नाही. तरीही त्या ओळीत ३२ शून्यं छापलेली असतात. चौथा स्तंभ न बघता सरळ बेरीज करणाऱ्याला वाटतं की सगळ्या माश्या एकाच क्षणी झोपी गेल्या. दहावा स्तंभ दिव्याचा, १ किंवा ०. त्यावर विसंबण्याआधी दिवा हाताने लावून-मालवून तो बदलतो का ते बघा. ११ ते ४२ या तुमच्या ३२ माश्या.

नोंदीचं अंतर नेहमी एक मिनिटच ठेवा. पाच मिनिटांचे किंवा अर्ध्या तासाचे गट नंतर कंपनीच्याच फाइलस्कॅन प्रोग्रॅमने करता येतात, पण अर्ध्या तासाच्या नोंदीतून मिनिटं परत मिळत नाहीत. जागेची चिंता नको. दिवसाला १४४० ओळी म्हणजे आजच्या संगणकाला काहीच नाही.

मोठी चिंता संगणक बंद पडण्याची. पेटी स्वतःकडे दीर्घ नोंद साठवत नाही, वाचणारा संगणकच आहे. तो झोपला की तुमचा प्रयोगही झोपला. म्हणून स्लीप मोड बंद, आपोआप होणारं विंडोज अपडेट बंद, यूएसबीची वीज वाचवणारी सोय बंद, आणि त्या संगणकावर दुसरं कुणी काही करणार नाही असा कागद डकवलेला. यूपीएस संगणकाला, जोडपेटीला आणि दिव्याच्या टायमरलाही हवा. टायमरचा विसर पडतो बऱ्याचदा: वीज अर्धा तास जाऊन आली की यांत्रिक टायमर अर्धा तास मागे पडतो आणि माश्यांची पहाट तेवढीच पुढे ढकलली जाते. भारतात घड्याळ मागे-पुढे करायची भानगड नाही, हे एक सुख. अमेरिकेत-युरोपात काम करणाऱ्यांनी मात्र संगणकाचं आपोआप वेळ बदलणं बंदच ठेवावं, नाहीतर मार्चमध्ये एक तास गायब होतो आणि शरद ऋतूत तोच तास दोनदा छापला जातो.

केबल स्थानिक दुकानातून करून घेता येते, टेलिफोनचीच असते. फक्त दोन्ही टोकांना तारांचा क्रम कंपनीच्या मूळ केबलसारखाच आहे का ते मल्टिमीटरने बघून घ्या. बाजारातल्या टेलिफोन केबलमध्ये तो पुष्कळदा उलटा असतो. आणि दोन पेट्यांना एकच क्रमांक दिला गेला तर दोघींची माहिती खराब होते, म्हणून जुन्या-नव्या पेट्या एकत्र जोडताना क्रमांक आधी तपासा.

विश्लेषणासाठी पैसे मोजायची गरज राहिलेली नाही. क्लॉकलॅब हा जुना जाणता, विकतचा पर्याय. मोफतमध्ये इमेजजे या चित्र-विश्लेषणाच्या प्रोग्रॅमवर चालणारं ॲक्टोग्रामजे, ब्राउझरमध्ये चालणारं शायनीआर-डॅम, आणि आर भाषेची तोंडओळख असलेल्यांसाठी रिथॉमिक्स. नवख्याने ॲक्टोग्रामजेपासून सुरुवात करावी, कारण ते आधी ॲक्टोग्राम डोळ्यांसमोर ठेवतं, आकडा नंतर देतं. ॲक्टोग्राम म्हणजे दिवसाखाली दिवस रचलेला हालचालीचा आलेख. काळ्या पट्ट्या सरळ खाली उतरल्या तर लय २४ तासांची, डावीकडे सरकत गेल्या तर कमी, उजवीकडे तर जास्त. काय-वर्ग पीरियडोग्राम, म्हणजे लयीची लांबी काढणारी संख्याशास्त्रीय पद्धत, नंतर आकडा देतेच, पण पाच दिवसांच्या नोंदीवरून दोन वाणांमध्ये पाव तासाचा फरक असल्याचं सांगू नका. तेवढ्या बारीक फरकाला नोंदीचे दिवस आणि माश्यांची संख्या, दोन्ही वाढवावं लागतं. प्रत्येक वाणाच्या १६ तरी माश्या शेवटपर्यंत जिवंत राहायला हव्यात, म्हणजे भरताना २४ भरा.

आता झोप. सलग पाच मिनिटं किरण ओलांडला नाही तर माशी झोपली, असा या क्षेत्राचा रूढ संकेत आहे. तो हवेतून आलेला नाही: एवढा वेळ निश्चल राहिलेल्या माशीला जागं करायला जास्त जोराचा धक्का लागतो, हे २००० सालच्या सुमारास दाखवलं गेलं. पण किरण एकच आहे. खाण्याच्या टोकाला बसून जेवणारी, पाय घासणारी, दोन सेंटिमीटरांत घुटमळणारी माशी या यंत्राच्या हिशेबी झोपलेलीच. व्हिडिओशी तुलना केली की डॅम झोप वाढवून सांगतो, हे वारंवार दिसलं आहे. दिवसाच्या झोपेबाबत आणि मुळातच कमी चालणाऱ्या वाणांबाबत ही चूक जास्त बोचते. लय मोजायला याने फारसं बिघडत नाही, कारण तिथे कधी हे महत्त्वाचं, किती हे दुय्यम. झोपेवर लिहायचं असेल तर याच कंपनीचे एका नळीवर अनेक किरण टाकणारे मॉनिटर आहेत, किंवा लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये २०१७ मध्ये मांडलेला एथोस्कोप. तो रास्पबेरी पाय हा छोटासा संगणक आणि अवरक्त कॅमेरा यांवर चालतो, एका डब्यात २० माश्या बघतो, आराखडे खुले आहेत. हाताशी थ्रीडी प्रिंटर आणि लिनक्सला न घाबरणारा विद्यार्थी असेल तर तोच घ्या. नसेल तर तो डबा कपाटात धूळ खात पडेल.

डासांवर काम करणाऱ्यांनी ५ मिलीमीटरच्या नळ्यांचा विचारही करू नये. त्यांच्यासाठी २५ मिलीमीटर नळ्यांची मोठी आवृत्ती आहे, तत्त्व तेच.

नळ्या काचेच्याच घ्या. पॉलिकार्बोनेटच्या स्वस्त पडतात आणि फुटत नाहीत, पण ओरखडे धरतात आणि ॲसिटोन लागलं की गेल्याच. काचेच्या नळ्या वापरून झाल्यावर कापूस काढून पाण्यात उकळायच्या, मेण आणि अगर दोन्ही सुटतात. भांडं न हलवता पूर्ण थंड होऊ द्यायचं, मेणाची चकती वर गोठते, ती उचलून टाकायची. घाई करून गरम पाणी ओतून दिलं तर मेण परत नळ्यांवर बसतं आणि बेसिनचा पाइप तुंबतो तो वेगळाच. मग साबणाच्या पाण्यातून काढून, दोनदा धुऊन, ओव्हनमध्ये वाळवायच्या. शंभर नळ्यांच्या एका खेपेत दोन-तीन फुटतात किंवा टोकाला टवके जातात, म्हणून ३२ ची पेटी घेताना नळ्या निदान दीडशे मागवा. टवका गेलेली नळी पेटीत अडकते, आणि ती ओढून काढताना आतल्या किरणाच्या खिडकीवर ओरखडा उठतो.